डोक्यावर घेतलेला घास

जपानी माणूस जेवायला बसला की पहिल्या घासाआधी दोन्ही हात जोडतो आणि एक शब्द म्हणतो. इतादाकिमास. घरात म्हणतो, शाळेत म्हणतो, खानावळीत एकटा बसलेला असला तरी तोंडातल्या तोंडात म्हणतो. त्यात देवाचं नाव नाही. कुणाचंच नाव नाही. कोण म्हणतंय तेही त्यात नाही आणि कुणाला म्हणतंय तेही नाही. नुसतं एक क्रियापद आहे, आपल्या 'घेतो'सारखं.

आमच्या घरात हा शब्द आला तो थोरल्या भावाच्या नातीबरोबर. पोरीनं नर्सिंग केलंय आणि आता कोल्हापुरात राहून जपानी शिकतेय. जानेवारी 2021 मध्ये आपल्या आणि जपानच्या सरकारात करार झाला. चौदा प्रकारच्या कामांसाठी तिकडं आपली माणसं घ्यायची असं त्यात ठरलं. त्या चौदांत म्हाताऱ्या माणसांची सेवा आहे आणि शेतीही आहे. पोरीनं सेवा धरली. "शेती हितं काय कमी केलीया व्हय मी?" म्हणाली. सुट्टीला आली की सोप्यात बसून वह्याच्या वह्या भरते. मी 1976 साली दहावी झालो, पुढं शिकायचा योग नव्हता. पण दुसऱ्यानं वही उघडली की डोकावून बघायची खोड अजून गेलेली नाही.

तसं 'जपानी' हे नाव आमच्या शिवाराला नवं नाही. वडलांच्या तोंडी 'जपानी लावण' हा शब्द असायचा. मुंबईतल्या बोरिवलीच्या कोरा केंद्रात तिचे सुरुवातीचे प्रयोग झाले, आणि 1953 पासून सरकारनं देशभर तिचा प्रचार केला. उंच वाफ्यावर रोप करायचं, दोरी धरून ओळीत लावायचं, मापानं खत द्यायचं, ओळीतनं कोळपायचं. पहिल्यांदा माणसं हसली म्हणे, की भात काय दोरीत बांधून उगवतंय? आता आमच्याकडं कुणी दोरी धरली तर तिला जपानी म्हणत नाहीत, ती आमचीच झाली. जपानकडनं आम्ही भात लावायची रीत घेतली, पण ते खाताना काय म्हणायचं ते मागं राहिलं. ते सत्तर वर्षांनी एका पोरीच्या वहीतनं आलं.

मी तिला विचारलं, "ह्येचा अर्थ काय ग?"

"मी घेतो, मला मिळालं, आसा हाय बघा आज्जा. पर साधं घेणं न्हवं. बाई म्हणत्यात, मूळ अर्थ डोक्यावर ठेवणं. डोंगराच्या टोकालापण त्योच शब्द हाय, इतादाकी. मी कालपासनं त्येच वाचालोय."

आमच्याकडच्या पोरी 'मी आलो, मी वाचालोय' असंच बोलतात. पुण्याकडची माणसं हसतात, हसू देत. जपानी भाषेत क्रियापदाला बाई-पुरुष हा भेदच नाही हे कळल्यावर ही पोरगी फार खूश झाली होती. "बघा, आमचंच बरोबर हाय," म्हणाली.

डोक्यावर ठेवणं. म्हणजे पूर्वी तिकडं मोठ्या माणसाकडनं किंवा देवापुढनं काही मिळालं तर ते दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलून घ्यायचे, आणि त्यावरनं पुढं मिळालेलं काहीही नम्रपणानं घेणं असा अर्थ झाला. हे ऐकलं आणि मला परकं असं काही वाटलंच नाही. सामानगडावरनं मारुतीचा अंगारा-प्रसाद आणला तर आपण आधी कपाळाला लावतो, मग तोंडात टाकतो. वहीच्या पानाला पाय लागला तर पान डोक्याला लावतो. बियाण्याची पिशवी फोडताना माझे वडील तिच्यातली चिमूट कपाळाला लावायचे, मी लावतो. आणि गडहिंग्लजच्या बाजारात सकाळी सकाळी मेथीची पहिली पेंडी घेऊन बघा. ती बाई तुमची दहाची नोट हातात घेते, कपाळाला लावते, 'भवानी झाली' म्हणते आणि मगच कनवटीला खोचते. तिकडं खाणारा घास डोक्यावर घेतो आणि इकडं विकणारी नोट डोक्यावर घेते. हे डोक्यात बसलं आणि पुढं बरेच दिवस निघालं नाही.

आपल्यात आभार मानायची रीत अवघडच आहे. 'धन्यवाद' हा शब्द स्टेजवरचा. सभेच्या शेवटी माणसं चपला शोधायला लागली की आभारप्रदर्शन चालू होतं. घरात बायकोला 'आभारी आहे' म्हणून बघा, ती कपाळाला हात लावून ताप बघेल. आभार या शब्दात भार आहे, तो दुसऱ्याच्या अंगावर टाकायला माणूस कचरतो असं मला वाटतं. जपानी माणूस मात्र तो भार, आपल्या बायका वैरणीचा भारा घेतात तसा, सरळ स्वतःच्याच डोक्यावर घेतो. आणि त्याच्या भाषेत त्यासाठी खास क्रियापदं आहेत. आपण समोरच्याला उंच करतो, 'या, बसा, जेवलासा का' म्हणतो. ते समोरच्याला उंच करतातच, शिवाय स्वतःला एक पायरी खाली आणणारी वेगळी क्रियापदंही वापरतात. इतादाकिमास हे तसलं, खाली उतरायचं क्रियापद.

जेवण झालं की त्यांचा दुसरा शब्द आहे. गोचिसोसामा. त्यातल्या 'चिसो'ची दोन चित्राक्षरं, आणि दोन्हींचा अर्थ पळणं. पाहुण्याला जेवू घालायचं म्हणून कुणीतरी इकडनं तिकडनं जिन्नस गोळा करत पळालं, त्या पळण्याला दिलेला मान. हे पोरीनं चुलीपुढं बसून सांगितलं तेव्हा घरची भाकरी थापत होती. ती म्हणाली, "म्हंजे ह्यो सबूद बायकांचा. लिहून ठेव भिंतीला." पोरीनं खरंच कॅलेंडरच्या मागं लिहिला. वाचता कुणाला येत नाही, पण आहे.

हे सगळं गोड झालं. घासाला नमस्कार करावा, कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. पण पोरीनं तिच्या बाईंनी वर्गात सांगितलेली एक गोष्ट आणली आणि घरात वाद पेटला. 2005 साली तिकडं रेडिओच्या एका कार्यक्रमात श्रोत्याचं पत्र वाचलं गेलं. त्यात होतं की एका आईनं शाळेला कळवलंय, दुपारच्या जेवणाला माझ्या मुलाला इतादाकिमास म्हणायला लावू नका. जेवणाचे पैसे आम्ही भरतो, मग म्हणायचं कशाला? त्यावर पत्रांचा पाऊस पडला. बरेच लोक त्या आईवर तुटून पडले, पण तिचं खरं आहे म्हणणारेही निघाले.

आमच्यात तिची बाजू घेतली ती पोरीच्या बापानं, माझ्या पुतण्यानं. भाजीपाल्याची शेती त्याचीच. त्याच्या आदल्याच महिन्यात कोबीची गाडी भरून लांबच्या मार्केटला नेली होती. भाडं वजा जाता हातात काय उरलं ते त्यानं घरात सांगितलं नाही, आणि उरलेला कोबी बांधावर म्हशीला घातला. तो म्हणाला, "तात्या, त्या बाईचं बरोबर हाय. पैसं मोजलं, इषय सपला. हात जोडून कुणाचं प्वाट भरलंय? बळीराजा, अन्नदाता, कायबाय लिव्हत्यात बोर्डावर. अन् सौद्याला गेलं की त्योच बोर्डवाला किलोला रुपाया पाडून मागतोय. मला नमस्कार नगो. माझा रेट द्या, मग हात जोडा न्हाईतर जोडू नगा."

मी लगेच काही बोललो नाही. त्याच्या बोलण्याला उत्तर नव्हतं म्हणून नाही, ते खरं होतं म्हणून. दर पाडायचा असतो तेव्हा नमस्कार फार स्वस्तात पडतो. आपल्या मोठेपणाची गाणी ऐकून उपाशी झोपायची सवय शेतकऱ्याला लावून ठेवलीय. ज्या वर्षी आमच्या मिरचीला चांगला भाव आला त्या वर्षी कुणी आम्हाला अन्नदाता म्हटलेलं आठवत नाही.

पण त्या गोष्टीतला एक तपशील मला सुचत गेला. जपानात शाळेच्या जेवणाचा कायदा 1954 सालचा आहे. त्यात स्वयंपाकघर, भांडी, स्वयंपाक्यांचा पगार हा सगळा भार सरकारी बाजूवर असतो आणि आईबापांनी द्यायचा तो फक्त जिनसांचा खर्च. तांदूळ, भाजी, मासळी. म्हणजे ती आई जे पैसे भरत होती ते नेमके माझ्यासारख्याच्याच मालाचे होते. मग ती म्हणते तसं, ते पैसे माझ्यापर्यंत आले तर तिचं-माझं काही उरतं का? हा प्रश्न मला भिडला, कारण तो परका नव्हता. तो रोज बाजारात तराजूच्या दोन बाजूंना उभा असतो.

याचं उत्तर मी डोक्यानं शोधायला गेलो नाही, हातानं मोजायला बसलो. त्याला कारणही पोरीची वहीच. तांदळासाठी जपानी लोक जे चित्राक्षर काढतात ते उलगडलं तर त्यात आठ, दहा, आठ हे आकडे निघतात. अठ्ठ्याऐंशी. तिकडची म्हातारी माणसं पोरांना सांगतात की तांदळाच्या दाण्याला शेतकऱ्याचे अठ्ठ्याऐंशी कष्ट लागतात, म्हणून ताटात शीत टाकू नको. माणूस अठ्ठ्याऐंशी वर्षांचा झाला की त्या वाढदिवसालाही 'तांदळाचं वय' म्हणतात. मी म्हटलं, बघूया तरी. पावसाची झड होती, बाहेरचं काम नव्हतं.

मागल्या हंगामाची नांगरट. ढेकळं फोडणं. धसकटं वेचणं. कुळवाच्या दोन पाळ्या धरल्या. शेणखत ओढणं, ते विसकटणं वेगळं. बांध घालणं, खेकड्यांनी पाडलेली भोकं बुजवणं. बी मिठाच्या पाण्यात टाकून पोचट काढणं. तरवा टाकणं, पाखरं राखणं, तरवा उपटून मुठी बांधणं. पाणी अडवणं, चिखल करणं, फळी मारणं. लावण. इथं घरची मध्येच म्हणाली, "लावणीच्या बायका सांगाय आदल्या रातीला कोण जातंय? त्ये धरलं न्हाईसा." धरलं. मग तिनं सूत्रं हातात घेतली. बायकांची न्याहारी. दुपारची भाकरी रानात पोचवणं. ओली लुगडी वाळवणं. लावणीत वाकून वाकून कंबर धरते, रात्री तेल लावणं. मी म्हटलं, "कंबरेला तेल हे भाताचं काम कसं?" ती म्हणाली, "मग दुसऱ्या दिशी लावंल कोण, तुमचा जपानी?" तेही धरलं.

भांगलण दोनदा. खत. तुडतुड्या, करपा. लोंबी भरायच्या वेळी रात्रीची राखण. आजऱ्याकडं गवे उतरतात, आमच्याकडं डुकरं. कापणी, पेंढ्या, भारे, उडवी. खळं करणं, शेणानं सारवणं. झोडपणी, मळणी. वारं देणं, आणि वारं पडलं तर वाऱ्याची वाट बघत बसणं, तेही कामच. मग माप. आमच्याकडं पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन. मग वाळवण, पोती, गिरणी, पाखडणं, खडे, धुणं, आधण, शिजवणं. पोरगी लिहून घेत होती. एकसष्टावर येऊन थांबलो. घरची म्हणाली अजून आहेत, आठवतील तशा सांगते. यंदा चौसष्ट झालेत.

या मोजणीतनं मला काय दिसलं ते सांगतो. या चौसष्टांतली काही कामं पैशात बसतात. लावणीच्या बाईचा रोज आहे, ट्रॅक्टरचं भाडं आहे, गिरणीचं कांडप आहे. माझी आणि घरचीची मजुरी दरात बसली पाहिजे आणि बहुतेक वर्षी ती बसत नाही; पुतण्याचं भांडण तिथलं आहे आणि ते सोडायचं नाही. पण यादीतल्या काही ओळींना पैसे घेणारा माणूसच नाही. वारं कुणाला बिल देणार? हिरण्यकेशीचं पाणी मी उपसतो, पाणीपट्टी भरतो, ती सरकारला पोचते, नदीला पोचत नाही. गांडूळ, मधमाशी, बांधावरचा बगळा. आणि खुद्द भाताचा दाणा. तो पुढल्या वर्षी रोप व्हायच्या बेतानं भरलेला असतो. मी त्याला मधेच अडवतो आणि खातो. घनसाळ भात शिजताना घरभर वास सुटतो, त्या वासासाठी लोक लांबनं येतात, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. त्याची किंमत मला मिळते. जिवाची किंमत दाण्याला कोण देणार? जत्रेत बकरं कापताना तरी माणूस क्षणभर थांबतो, त्याच्या कपाळाला कुंकू लावतो, अंगावर पाणी घालतो. भाताला कोण विचारतो?

जपानातही आजकाल या शब्दाचा अर्थ सांगताना असंच सांगतात म्हणे, की तुझा जीव मी घेतो, माझ्या जिवासाठी. मासा असो की मुळा. म्हणून त्या आईला मी सांगेन, तुझे पैसे मला पोचले, पावती घे. पण ज्याच्यासाठी लेकरू हात जोडतंय तो माझ्या रांगेत नाही. त्याचा हिशेब मी माझ्या नावावर कसा जमा करून घेऊ?

हे पुतण्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आसंल. पर माझा रेट?" मी म्हटलं, रेट वेगळ्या वहीत. एका वहीतलं देणं दुसऱ्या वहीत वळतं करून घ्यायला लागलं की त्यात कुणीतरी बुडतंय, आणि आजवर आपणच बुडालोय.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हे लिखाण खोटं होईल. ज्या काळात पैसे नव्हते आणि नमस्कार होता, तो काळ मी शेपटाकडनं बघितलाय. बलुत्याचा. खळ्यावर रास पडली की सुतार, लोहार, न्हावी, परीट, कुंभार येऊन बसायचे. पैशाची भाषा नव्हती. नात्याची भाषा होती असं शहरातली माणसं फार कौतुकानं लिहितात. होतीच. पण त्याच खळ्याच्या कडेला, सावली पडणार नाही अशा बेतानं, वर्षभर मेलेली ढोरं ओढणारा माणूस उभा असायचा, आणि त्याच्या पदरात वरनं टाकायचे. जोहार त्यानं घालायचा. कष्ट त्याचे, आणि वाकायचंही त्यानंच. बाबासाहेबांनी ती वतनं सोडा म्हणून जन्मभर सांगितलं. 1958 च्या कायद्यानं ती गेली. गावातल्या शहाण्या म्हाताऱ्यांना तेव्हा वाटलं, आता कुणाला कुणाची आडकाठी राहिली नाही. ज्यांच्या पाठी सरळ झाल्या त्यांना काय वाटलं ते त्यांना विचारायला पाहिजे होतं. नोट फार भली गोष्ट आहे. ती घेताना वाकावं लागत नाही. रोजगार मोजून घेतला की बाई ताठ मानेनं घरी जाते, 'मालकाची कृपा' म्हणत नाही. पैसे टाकले की विषय संपला, या वाक्यात किती जणांची सुटका आहे हे आपण विसरतो. त्या जपानी आईच्या मनातही असलंच काही असेल, कोण जाणे. शाळेनं, सरकारनं माझ्या लेकराला उगाच वाकवू नये असं तिला वाटलं असेल, तर मी तिला नावं ठेवणार नाही.

म्हणून मला तो शब्द पुन्हा पुन्हा उलटून बघावा लागला. वाकणं वाकणं म्हणतो, पण वाकतंय कोण? आमच्या खळ्यावर कष्ट करणारा वाकायचा, खाणारा ताठ असायचा. पाहुणा घरी आला की आम्ही म्हणतो, 'गरिबाची चटणी-भाकरी गोड मानून घ्या.' म्हणजे वाढणारा वाकतो. पंगतीत पूर्वापार 'अन्नदाता सुखी भव' म्हणत आलेत, ते ज्यानं खर्च केला त्या यजमानाला. ज्यानं पिकवलं तो त्या वेळी मांडवाच्या मागं लाकडं फोडत असायचा. आणि इतादाकिमासमध्ये खाणारा वाकतो. घरचा कर्ता असो, शाळेचा मोठा मास्तर असो, ज्याच्या तोंडात घास जाणार त्यानं म्हणायचं. तोत्तोचानचं पुस्तक मराठीत आहे, नॅशनल बुक ट्रस्टनं काढलेलं. त्यातल्या शाळेत पोरं जेवायच्या आधी सावकाश चावून खायचं गाणं म्हणतात आणि मग हाच शब्द म्हणतात. ते पुस्तक मी पूर्वी वाचलं होतं, कारण त्यातले हेडमास्तर मला आवडले होते. आता परत काढून बघितलं. डब्यात कुणाच्या काही भारी, कुणाच्या काही साधं. शब्द सगळ्यांना एकच. डब्याकडं बघून तो कमी-जास्त होत नाही.

दिशा फिरली की शब्दाची जातच बदलते असं मला वाटतं. वरचा खालच्याकडनं आभार मागतो तेव्हा तो दोर असतो. खाणारा आपल्या आपण मान खाली घालतो तेव्हा त्यात कुणी बांधला जात नाही.

जपान म्हणजे सगळं सोनं असं मात्र मी पोरीला सांगत नाही, आणि तिलाही ते ठाऊक आहे. रोज तीनदा हात जोडणाऱ्या त्या देशात 2020-21 या एका वर्षात सुमारे बावन्न लाख टन खाण्याजोगं अन्न वाया गेलं. 2019 मध्ये त्यांना त्यासाठी कायदा करावा लागला. शब्द तोंडात राहिला म्हणून हात आवरतोच असं नाही, आपल्या लग्नाच्या पंगती बघितल्या की कळतंच. आणि आणखी एक. तिथल्या शेतीत राबणाऱ्या माणसांचं सरासरी वय 2020 च्या मोजणीत सदुसष्टच्या पुढं गेलं. म्हणजे तिकडचं लेकरू ज्याच्या अठ्ठ्याऐंशी कष्टांना हात जोडतं, तो माझ्याच बरोबरीचा. त्याची पोरं टोकियोला, माझी पुण्याला.

आणि त्याला भरवायला आमची पोरगी जाणार आहे. इथं हा शब्द माझ्या हातातनं निसटतो, ते सांगून टाकतो. आमच्या थोरल्या वहिनींची, म्हणजे पोरीच्या सख्ख्या आज्जीची, डावी बाजू गेली त्याला तीन वर्षं झाली. त्यांना भरवते ती त्यांची सून, पोरीची आई. सकाळी, दुपारी, रात्री. भाकरी दुधात कुस्करायची, घास लहान करायचा, गिळला का बघायचं. कुणी रोज देत नाही, कुणी हात जोडत नाही. एके दिवशी पोरगीच म्हणाली, "आज्जा, हितं मी आज्जीला भरवलं तर त्ये काम न्हवं. तिकडं परक्या म्हाताऱ्याला भरवलं की पगार, सर्टिफिकेट, इमानाचं तिकीट. आन् त्यो म्हातारा पयला इतादाकिमास म्हणणार. त्यो म्हणूस्तवर चमचा फुडं करायचा न्हाई, आसं शिकवलंय आमाला."

मी म्हटलं, "आज्जी काय म्हणतात?"

"आज्जीला बोलाय कुठं येतंय."

तिची आई आत ऐकत होती. ती बाहेर येऊन म्हणाली, "बोलाय येत नसलं तरी पयल्या घासाला ती माझं मनगट धरत्या. उजव्या हातानं. घट. मग सोडत्या, मग तोंड उघडत्या." आणि पुन्हा आत गेली. तीन वर्षं एका भिंतीपलीकडं राहून हे मला माहीत नव्हतं. पुतण्यालाही नव्हतं. तो दारात उभा होता, पायताण घालून बाजाराला निघालेला. त्यानं तेव्हा दराचं काही काढलं नाही.

गेल्या आठवड्यात पोरीला मुलाखतीची तयारी करायला सांगितली होती. जपानला का यायचंय, पाच वाक्यं, त्यांच्या भाषेत लिहून पाठ करायची. तिनं मला मराठीत विचारलं, "आज्जा, पयलं काय लिवू? सेवेची आवड का पैसं?" मी म्हटलं, पैसे लिही. घराचं कर्ज आहे, बापाचा कोबी पडला, ते लिही. सेवेचं दुसऱ्या वाक्यात, आणि आज्जीचं मनगट धरणं तिसऱ्यात. तिनं तसं लिहिलं. क्लासच्या बाईंनी वही तपासून पहिलं वाक्य खोडायला सांगितलं, तिकडं असं चालत नाही म्हणाल्या.

परवापर्यंत तिनं ते खोडलेलं नव्हतं. मुलाखत पुढच्या महिन्यात आहे.